सेवाभावी दवाखान्याचे व्यवस्थापकपद : अर्जापूर्वीची सिद्धता

(ज्ञातिमंडळाच्या कामरगाव येथील वार्षिक मेळाव्यात तरुण मंडळींपुढे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, आणि विषय मात्र आमच्यावरच सोपविला. अशा मेळाव्यांतून शिष्यवृत्ती, हुंडाबंदी, एकजूट या विषयांवर पुष्कळ बोलले जाते व ते योग्यही आहे. आज आम्ही जरा निराळा, पण पोटापाण्याशी आणि मनुष्यधर्माशी सारखाच निगडित असा विषय घेणार आहो. अलीकडे आपल्या भागातील पदवीधर मुले-मुली मोबाईलवर आलेल्या जाहिराती घेऊन आमच्याकडे अर्ज तपासून घ्यावयास येतात. त्यांत ‘क्लिनिक मॅनेजर’ या पदाच्या जाहिराती असतात. कोठे आदिवासी भागातील सेवाभावी दवाखाना, कोठे क्षयरोग्यांचे केंद्र, कोठे पूर वा भूकंप यांनंतर उभारलेले तात्पुरते रुग्णालय. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “गुरुजी, आम्ही डॉक्टर नाही, मग या जागेला आम्ही कसे चालणार?”

या प्रश्नाचे उत्तर आपल्या वऱ्हाड-विदर्भाच्या इतिहासातच लिहून ठेवलेले आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे 1936 साली मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम आरंभिले. ते विनोबाजींच्या सहवासातील कार्यकर्ते होते; वैद्यकीची पदवी घेऊन ते तेथे गेले नव्हते. वरोड्याचे बाबा आमटे वकील होते. 1949 साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि कुष्ठरोगाचे शिक्षण त्यांनी कलकत्त्यास जाऊन नंतर घेतले. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 साली तपोवन उभारले. ते स्वतः डॉक्टर खरे. परंतु शेकडो रोगी जेथे राहतात तेथे धान्य, कपडा, पाणी, उद्योग व हिशेब यांची व्यवस्था लावल्यावाचून औषधाचा काय उपयोग होणार? आणि आमच्या अंगणातलेच नाव घ्यावयाचे तर गाडगेबाबांचे घ्यावे. मूर्तिजापूर येथे त्यांनी गोरक्षण काढले हे सर्वांस ठाऊक आहे. परगावाहून आलेल्या रोग्यास व त्याच्या नातलगास शहरात डोके टेकावयास जागा नसते, ही गोष्ट त्या निरक्षर संताने ओळखली. दादरला त्यांच्या नावाने उभी असलेली धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांस आजही आसरा देते. रोग बरा करणे हे वैद्याचे काम. रोग्यास वैद्यापर्यंत पोहोचविणे, त्याचे औषध वेळेवर हजर ठेवणे व त्याची विटंबना होऊ न देणे हे व्यवस्थापकाचे काम. ही दुसरी विद्या पहिलीहून कमी नाही.

मानवतावादी सेवा म्हणजे नेमके काय, हे अर्ज करणाराने प्रथम समजून घेतले पाहिजे. 1859 साली इटलीतील सोल्फेरिनोच्या रणभूमीवर सहस्रावधी जखमी सैनिक निराधार पडलेले आंरी ड्यूनां या स्विस गृहस्थाने पाहिले. आसपासच्या गावांतील स्त्रियांना हाताशी धरून त्याने दोन्ही पक्षांच्या जखमींची शुश्रूषा चालविली. त्या अनुभवातूनच 1863 साली जिनिव्हा येथे रेडक्रॉसची समिती जन्मास आली. पुढे 1965 साली व्हिएन्ना येथील परिषदेने या चळवळीची सात तत्त्वे जाहीर केली. त्यांतील पहिली चार, म्हणजे मानवता, निःपक्षपात, तटस्थता आणि स्वातंत्र्य, ही आज बहुतेक सर्व मानवतावादी संस्था आपला पाया मानतात. निःपक्षपाताचा अर्थ सोपा आहे : ज्याची गरज मोठी, त्यास मदत आधी. जात, धर्म, पक्ष, ओळख यांपैकी काहीही मध्ये येता कामा नये. हे वाक्य तरुणांनी पाठ करावेच, परंतु त्याकडे आम्ही शेवटी पुन्हा वळणार आहो. कारण ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावर ते वाक्य उच्चारणे सोपे नाही.

आता व्यवस्थापकाचे प्रत्यक्ष काम पाहू. त्याच्या हाती चार वह्या असतात असे समजा : माणसांची, औषधांची, पैशांची आणि रोग्यांची.

माणसांच्या वहीत डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळेचा कर्मचारी, वाहनचालक, सफाई कामगार व पहारेकरी येतात. कोणाची पाळी केव्हा, कोण रजेवर, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, हे त्यास ठाऊक असावे लागते. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे; ती समिती कागदावरच आहे की काम करते, हे पाहणेही त्याच्याकडे येते.

औषधांच्या वहीचे एक उदाहरण आपल्याच शिवारातले घेऊ. पावसाळ्यात कपाशी-सोयाबीनच्या वावरात सर्पदंशाचे प्रसंग वाढतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार जातींच्या विषावर आपल्याकडील प्रतिविष चालते. आवश्यक तेव्हा एका रोग्यास आरंभीच साधारण 8 ते 10 कुप्या द्याव्या लागतात. मात्रा अर्थातच डॉक्टर ठरवितो. समजा, गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात असे 6 रोगी आले. म्हणजे आरंभीच्या मात्रेसच 60 कुप्या हव्यात. काहींस पुन्हा मात्रा लागेल, आणि नवा माल यावयास पंधरवडा जाईल, हे धरून साठा त्याहून अधिक ठेवावा लागेल. तो ज्येष्ठातच मागवावा लागेल. श्रावणात धावाधाव करून चालणार नाही. हे त्रैराशिक सातवीच्या मुलास येते. परंतु ते ज्याला वेळेवर सुचते तोच व्यवस्थापक. पुष्कळशा लसी 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानातच टिकतात, म्हणून शीतपेटीचे तापमान दिवसातून दोनदा पाहून लिहावे लागते. वीज गेल्यावर काय करावयाचे, हे वीज जाण्यापूर्वी ठरवावे लागते. ज्या औषधाची मुदत आधी संपते ते आधी वापरावे, हा नियम. दवाखान्यातील कचऱ्यासाठी 2016 च्या नियमांनुसार पिवळी, लाल, पांढरी व निळी अशी वर्गवारी आहे, आणि तो कचरा 48 तासांहून अधिक काळ साठवून ठेवता येत नाही.

पैशांची वही म्हणजे आपली कीर्द-खतावणीच. फरक इतकाच की येथे प्रत्येक रुपया कोणा दात्याचा असतो व तो कशासाठी दिला हे ठरलेले असते. लसीसाठी आलेला पैसा जीपगाडीच्या डिझेलला वापरला, तर हेतू शुद्ध असूनही तो अपहारच गणला जातो.

रोग्यांची वही सर्वांत मोलाची. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1986 साली ‘सर्च’ ही संस्था काढली. तेथे गावातील स्त्रियांस शिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत 39 गावांत राबविण्यात आली, आणि नवजात बालमृत्यूचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले. हा वृत्तांत 1999 साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विचार करा, जन्म आणि मृत्यू यांची नोंद त्या गावांतून काटेकोरपणे ठेवली गेली नसती, तर ही गोष्ट जगास कोणत्या आधाराने पटविता आली असती? वही नीट ठेवणारा मनुष्य जीव वाचविणाऱ्यांच्याच पंक्तीला बसतो, याहून दुसरे प्रमाण काय हवे?

हे ऐकून आमच्या तरुणांनी घाबरून जाऊ नये. उलट आमचे म्हणणे असे की, यांतील निम्मी विद्या त्यांच्या अंगी आधीच आहे. तिला नाव देणे तेवढे राहिले आहे. कृषी सेवा केंद्रात दोन वर्षे काम केलेल्या मुलास साठ्याची नोंद, मुदतीची तारीख व विषारी मालाची निराळी मांडणी या गोष्टी समजतात. बचतगटाची सचिव म्हणून काम केलेल्या मुलीस हिशेब, बैठकीचा वृत्तांत व कर्जवसुलीतील माणसांची मने सांभाळणे येते. 2021 साली लसीकरणाच्या रांगा लावावयास जे स्वयंसेवक उभे राहिले, त्यांनी गर्दीचे व्यवस्थापन केले आहे. ज्या घरातील आई किंवा वहिनी आशा कार्यकर्ती आहे, त्या घरातील मुलांनी गरोदर मातेची नोंद कशी होते हे डोळ्यांनी पाहिले आहे.

अर्जाची सिद्धता निदान एक वर्ष आधी आरंभावी असे आम्ही सुचवितो. तिचा क्रम येणेप्रमाणे असावा.

प्रथम, चार-पाच जाहिराती जमवून वहीचे पान मधोमध दुभागावे. डाव्या बाजूस संस्था काय मागते ते एकेक लिहावे. उजव्या बाजूस त्याचा आपल्यापाशी कोणता पुरावा आहे ते लिहावे. जेथे उजवी बाजू कोरी राहील, तेथे वर्षभराचा अभ्यास. संगणकावरील हिशेबाचे कोष्टक येत नसेल तर ते शिकावे; केवळ एमएससीआयटीचे प्रमाणपत्र भिंतीस टांगून भागत नाही. प्रथमोपचाराचे शिक्षण रेडक्रॉस किंवा सेंट जॉन अँब्युलन्सकडून घेता येते. ज्यास पुढे जावयाचे आहे त्यास मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी आहे. परंतु लहान केंद्रांच्या कित्येक जाहिरातींत कोणतीही पदवी आणि व्यवस्थेचा अनुभव एवढीच अट असते.

दुसरे, भाषा. 1973 साली डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकसास गेले तेव्हा त्यांस माडिया भाषा शिकावी लागली. रोग्याचे दुखणे त्याच्याच शब्दांत कळल्यावाचून उपचार कसा करणार? मेळघाटात जावयाचे तर कोरकू भाषेची तोंडओळख हवी. आपल्या जिल्ह्यात तर बंजारा बांधवांची वस्ती मोठी आहे. शेजारच्या तांड्यावरची बोली ज्यास कळते, त्याने ती गोष्ट अर्जात अवश्य लिहावी. इंग्रजीची भीती बाळगू नये. दररोज एक पान वाचावे व एक पत्र लिहावे.

तिसरे, प्रत्यक्ष दर्शन. एखाद्या सेवाभावी दवाखान्यात परवानगी घेऊन काही दिवस स्वयंसेवक म्हणून राहावे. सकाळची रांग, केसपेपर, औषधाची खिडकी, सायंकाळचा हिशेब, हे सारे पाहावे. तेथे आपले मन रमते की आठव्या दिवशी घराची ओढ लागते, हेही त्याच वेळी कळते. आणि ते अर्जापूर्वी कळलेले बरे.

आता प्रत्यक्ष अर्ज. शेकडो अर्ज तपासताना आम्हांस आढळले की, आमची मुले विशेषणे फार लिहितात आणि गोष्टी थोड्या लिहितात. “मी अत्यंत मेहनती, प्रामाणिक व होतकरू असून समाजसेवेची मला लहानपणापासून आवड आहे” हे वाक्य प्रत्येक अर्जात असते, म्हणून ते कोणीच वाचत नाही. त्याऐवजी असे लिहावे : “बारा सभासदांच्या बचतगटाचे हिशेब तीन वर्षे लिहिले, दर महिन्यास बँकेच्या पुस्तकाशी ताळा केला.” यात स्वतःची स्तुती एका शब्दाने नाही, तरी वाचणारास मनुष्य दिसतो. अर्जाचे पत्र एका पानाचे असावे. त्यात हे काम का, हीच संस्था का, आणि आपण काय केले आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे असावीत. जे केले नाही ते लिहू नये. अनुभवाचा खोटा दाखला मिळवून देणारे लोक जागोजागी आहेत. त्यांच्या दारी जाऊ नये. जेथे खोट्या नोंदीने रोग्याचा जीव जाऊ शकतो, तेथे खोट्या कागदाने प्रवेश करणारा पुढे काय करील?

आणखी एक सावधगिरी. मुलाखतीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा नेमणूक पत्रासाठी आगाऊ पैसे मागणारी जाहिरात फसवी समजावी. खरी मानवतावादी संस्था उमेदवाराकडून पैसा घेत नाही.

मुलाखतीत पुस्तकी प्रश्न थोडे व प्रसंगाचे प्रश्न फार विचारतात. बाहेर साठ रोगी बसले आहेत, डॉक्टर एकच आहे, आणि गावचे वजनदार गृहस्थ आपल्या पुतण्यास पुढे घ्या म्हणतात, काय कराल? उत्तर असे की, ज्याची प्रकृती अधिक गंभीर तो आधी, हा नियम दारावर लिहिलेला असावा, आणि तो त्या गृहस्थांस नम्रपणे, परंतु सर्वांसमक्ष सांगावा. भांडारात दहा कुप्या कमी भरल्या, काय कराल? कोणावरही आळ घेण्यापूर्वी पुन्हा मोजणी, मग नोंदवही, मग लेखी कळविणे. झाकून ठेवणे हा एकच मार्ग कायमचा बंद समजावा. उमेदवारानेही प्रश्न विचारावेत : नेमणूक किती मुदतीची, विमा आहे काय, राहण्याची व्यवस्था कशी, धोक्याच्या प्रसंगी माघारीचा निर्णय कोण घेणार? असे विचारण्यात उद्धटपणा नाही. व्यवस्थापकाच्या अंगी असावी ती दूरदृष्टी आहे.

ज्यांची झेप दूरची आहे त्यांनी हे ध्यानी घ्यावे की, या मार्गाने आपली माणसे पूर्वीही दूरदेशी गेली आहेत. 1938 साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. 1971 साली फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या ‘मेदसँ साँ फ्रोंतिए’, म्हणजे सीमा न मानणारे डॉक्टर, या संस्थेस 1999 सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या पथकांतून डॉक्टर-परिचारिकांच्या जोडीला हिशेबनीस, भांडारपाल, पाणी-विजेची सोय पाहणारे असे कितीतरी लोक लागतात. मुंबईत गोवंडी येथे औषधांस दाद न देणाऱ्या क्षयावर तिने चालविलेले काम प्रसिद्ध आहे. कामरगावाहून गोवंडी फार दूर नाही. एका रात्रीचा प्रवास.

मित्रांनो, उमेदवाराची सिद्धता झाली. आता आपली, म्हणजे या मंडळाची सिद्धता पाहू. येथे आम्ही थोडे कटू बोललो तर वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.

याच स्मरणिकेच्या शेवटी वधूवरांच्या परिचयाची पाने असतात. ‘सरकारी नोकरी असणारास प्राधान्य’ हे शब्द त्या पानांतून किती वेळा येतात, ते प्रत्येकाने घरी जाऊन मोजावे. सेवाभावी दवाखान्यातील नेमणूक बहुधा वर्षा-दोन वर्षांच्या कराराची असते. तेथे गेलेल्या मुलास आपण ‘अजून काही लागला नाही’ असे म्हणतो. आणि मुलीस तर आपण जाऊच देत नाही. सभेत बाबा आमट्यांच्या नावाने टाळ्या वाजवावयाच्या आणि घरात मुलगी हेमलकशाला निघाली की दार लावावयाचे, ही रीत आपण किती दिवस चालू ठेवणार?

दुसरी गोष्ट शिफारशीची. अमक्या संस्थेवर आपल्या समाजाचे गृहस्थ आहेत, त्यांस एक शब्द टाका, असे पालक आम्हांस सांगतात. त्यामागील काळजी आम्ही ओळखतो. ज्या समाजास पिढ्यान् पिढ्या कोणी दार उघडले नाही, त्यास ओळखीची किल्ली गोड वाटणारच. परंतु ज्या पदाचा पहिला नियम निःपक्षपात, त्या पदावर पक्षपाताने जाऊन बसणे म्हणजे उंबऱ्यावरच व्रत मोडणे. उद्या त्या खिडकीपाशी आपल्या ज्ञातीचा रोगी आणि परक्या ज्ञातीचा रोगी एकाच वेळी उभे राहतील. शब्द टाकून आत गेलेला मनुष्य त्या वेळी कोणाचा शब्द मोडू शकेल?

मग ज्ञातिमंडळाने काही करूच नये काय? अवश्य करावे. आम्ही तीन सूचना करतो. दरवर्षी तीन-चार उमेदवारांस सेवाभावी दवाखान्यात महिनाभर राहून काम पाहता यावे, इतका प्रवासखर्च व भोजनखर्च मंडळाने द्यावा. त्यांत निम्म्या मुली असाव्यात. आपल्यातील निवृत्त परिचारिका, औषधविक्रेते, बँक कर्मचारी व शिक्षक यांनी मिळून मुलाखतीचा सराव घ्यावा. आणि त्या सरावास गावातील कोणत्याही जातीचा मुलगा आला तरी त्यास सतरंजीवर जागा असावी. तिसरी सूचना अशी की, मंडळाने शिफारसपत्र देणे बंद करावे. त्याऐवजी ज्याने मंडळाचे काम खरोखर केले असेल त्यास, काय काम केले व किती काळ केले, एवढेच लिहिलेला दाखला द्यावा. त्यात जातीचा उल्लेख नसावा, कामाचा असावा.

आपल्या ज्ञातीने आपल्या लेकरांस वर काढावे म्हणून हे मंडळ आहे. वर निघालेल्या लेकराने मग कोणाकडे पाहावे, हा प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे ठेवला आहे. सर्पदंश झालेला मजूर रात्री दोन वाजता बैलगाडीतून दवाखान्यात येतो, तेव्हा त्यास दारावरच्या माणसाचे आडनाव जाणावयाचे नसते. शीतपेटीत कुप्या आहेत की नाहीत, एवढेच त्यास जाणावयाचे असते. त्या कुप्या तेथे असाव्यात, आणि त्या तेथे ठेवणारा हात आपल्या घरातून शिकून गेलेला असावा, एवढीच आमची इच्छा आहे.

तिन्ही सूचना कार्यकारिणीने पुढील बैठकीत विचारात घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे.